आई, फ्लॅप राहून गेले होते

आई, आज सकाळी दोन तरुण वैमानिकांची परीक्षा घेत होते. जमिनीवरच्या खोट्या विमानात. सिम्युलेटर म्हणतात त्याला. आत बसलं की सगळं खऱ्यासारखं, समोर धावपट्टीसुद्धा दिसते. पोरं सुटायच्या तयारीत होती. एक जण यादी वाचत होता, दुसरा हातानं एकेक गोष्ट करत होता, आणि मी मागच्या खुर्चीतून मुद्दाम विचारलं, "काय रे, दुपारी जेवायला कुठं जायचं?" दोघंही वळले. एकानं हॉटेलचं नाव सांगितलं, दुसरा म्हणाला तिथं गर्दी असते, आणि मग निघाले जोरात, फ्लॅप न लावताच. भोंगा वाजला तेव्हा दोघांचे चेहरे असे पडले की मला हसू आवरेना. ती बिचारी बघतच राहिली, या मॅडम हसतायत कशाला. आता त्यांना काय सांगू, की त्या भोंग्याबरोबर मला तू दिसलीस, नवं लुगडं नेसून, हातात लाडवाचा डबा घेऊन. घरी आले, चप्पल काढली आणि आधी कागद शोधला.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या मे महिन्यातून मी डोळे मिटून चालू शकेन, इतका तो ओळखीचा आहे. मी तेव्हा नुकतीच सहवैमानिक म्हणून लागलेले. नव्या खाजगी कंपन्या निघत होत्या त्या काळात, आमचीही तशीच नवी, पंख्यांची छोटी विमानं असलेली. पुणे ते हैदराबाद सकाळी जायचं आणि दुपारी परत. वर्षातून एकदा आईवडिलांना फुकट नेता येतं, हे मी तुला सांगायला आले तेव्हा तू गवार तोडत होतीस. शेंगांनी भरलेला पदराचा ओटा तसाच धरून सरीत उभी राहिलीस आणि पहिला प्रश्न काय विचारलास? भीती वाटंल का, असं नाही. पडलं तर, असं नाही. "वरनं आपलं गाव दिसंल का गं?" मी म्हणाले, दिसेल, भिगवणच्या जरा पुढं, उजव्या हाताला. तू म्हणालीस, "हे न्हवं. जुनं. पाण्यातलं."

नवरी होऊन तू ज्या पळसदेवात आलीस, ते उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा मी लहान होते. मला नुसती बैलगाडीत चढवलेली दारं आणि चौकटी आठवतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ बाहेर यायचं, लोक होडीनं जाऊन बघून यायचे. तू कधी गेली नाहीस. आबा म्हणायचे, चल, तर तुला नेमकं तेव्हा काहीतरी काम निघायचं. आणि आता वरून बघायचं म्हटल्यावर तुझ्या अंगात वारं भरलं. बारामतीला जाऊन लुगडं आणलंस. दुकानदाराला सांगितलंस, एसटीतल्या कंडक्टरला सांगितलंस, सणसरच्या मावशीला निरोप धाडलास, की माझी लेक मला इमानातनं नेणार हाय आणि इमान तीच चालवणार हाय. आबांना मात्र काही केल्या यायचं नव्हतं. "मी हितंच बरा," ते म्हणाले. "डाळिंबाच्या बांधावर हुबा ऱ्हातो. धोतर पसरून ठिवतो, दिसलं तर बघा." तू त्यांना म्हणालीस, "धोतर पसरून ठिवा, पर नेसायला दुसरं ठिवा म्हंजे झालं." आबा आठवडाभर त्यावर हसत होते.

तर तो दिवस. विमान भरलेलं आहे, ऊन सकाळीच तापलंय, आणि मी उजव्या खुर्चीत बसून तयारी करतेय. डावीकडे आमचे कॅप्टन. सोलापूरचे, वयानं आबांच्या जवळपास, इतके मनमिळाऊ की कंपनीतली सगळी माणसं त्यांच्याबरोबर ड्यूटी मागून घ्यायची. त्यांनीच मला म्हटलं, "आई आल्यात ना तुझ्या? बोलाव की पुढं." त्या काळी कॉकपिटचं दार असं कुलपात नसायचं. तू आलीस, वाकून आत पाहिलंस, आणि एवढे दिवे, एवढी घड्याळं बघून क्षणभर, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, गप्प झालीस. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून कॅप्टनना म्हणालीस, "कॅप्टनराव, हे समदं हिला येतं?"

"सगळं येतं, मावशी," ते म्हणाले. "मला नाही येत तेही येतं."

झालं, तुझी कळी खुलली. डबा उघडला. शेंगदाण्याचे लाडू. कॅप्टननी एक तोंडात टाकला आणि दुसरा हातात घेतला. सोलापूर-पुणे करताना भिगवणला त्यांची गाडी नेहमी थांबायची, तिथलं मासळीचं हॉटेल त्यांच्या ओळखीचं, आणि पाणी उतरल्यावर दिसणारं देऊळही त्यांना ठाऊक. तू विचारलंस, "मग आज दिसंल?" ते म्हणाले, "दिसायलाच पाहिजे, यंदा पाणी पार खाली गेलंय." मी या बोलण्यात कुठं होते सांगू? मी एका डोळ्यानं इंधनाचे आकडे बघत होते, एका कानानं तुम्हाला ऐकत होते, आणि छाती अभिमानानं अशी भरली होती की आकडे दोनदा वाचावे लागले. मी तुला "आई, आता जाऊन बस" असं म्हणायला हवं होतं. कॅप्टन बोलत होते, तू हसत होतीस. मला ते मोडवेना.

शेवटी तू जागेवर गेलीस. इंजिनं सुरू झाली. कॅप्टन म्हणाले, "फ्लॅप." तू मागं विचारलं होतंस ना, फ्लॅप म्हंजे काय गं? पंखांच्या मागच्या कडेला पट्ट्या असतात. सुटताना त्या खाली सोडायच्या, मग पंखाला बळ येतं आणि विमान कमी वेगात उचललं जातं. त्या आतच राहिल्या तर विमान नुसतं पळत राहतं आणि धावपट्टी संपते. दोघांच्या मधोमध त्याचा दांडा असतो. माझा हात त्या दांड्यावर गेला, बोटांना त्याचा गारवाही लागला, आणि तेवढ्यात दार उघडून हवाई सुंदरी पोरगी आत डोकावली. "मॅडम, तुमच्या आई बसत नाहीयेत. त्या उजव्या खिडकीतल्या साहेबांना उठवतायत. म्हणतायत, देऊळ त्या बाजूला आहे." कॅप्टन खो खो हसले. मी लाजले, वळले, तिला म्हणाले, साहेबांना विनंती कर, जागा बदलून दे. हात दांड्यावरून उचलला गेला. त्याच वेळी विमानतळाच्या मनोऱ्यातून रेडिओवर आवाज आला की एक लढाऊ विमान उतरायला येतंय, तुम्ही तयार असाल तर लगेच निघा, नाहीतर थांबावं लागेल. कॅप्टननी ब्रेक सोडले. आम्ही चालायला लागलो आणि मी यादी वाचायला घेतली. फ्लॅपची ओळ आली. मी वाचलं आणि मीच उत्तर दिलं, लावलेत. खोटं नव्हते गं बोलत. हात दांड्यावर गेल्याचं हाताला आठवत होतं, आणि डोक्यानं त्याला झालेलं काम समजून टाकलं. डोळ्यांनी बघायला हवं होतं. डोळे खिडकीबाहेर, येणारं विमान शोधत होते.

धावपट्टीवर उभे राहिलो. कॅप्टननी इंजिनांचे दांडे पुढं रेटले आणि भोंगा वाजायला लागला. कर्कश, कानात खिळा ठोकावा तसा. कॅप्टन म्हणाले, "कालपण हा उगाच वाजला होता," आणि त्यांचा हात पुढंच चाललेला. विमान पळायला लागलं. मी खाली पाहिलं. दांडा शून्यावर होता. आई, तो दांडा मला आजही तसाच दिसतो. "स्टॉप!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी उभ्या जन्मात ओरडले नव्हते. "फ्लॅप नाहीत, थांबवा!" त्यांनी एका क्षणाचाही विचार न करता दांडे मागं ओढले. ब्रेक लागले, पट्टे छातीत रुतले, माझ्या खुर्चीमागं ठेवलेला तुझा डबा घसरत येऊन आपटला आणि लाडू पायाशी गडगडले. विमान थांबलं तेव्हा पुढं धावपट्टी भरपूर होती. खरं म्हणजे आम्ही नीट पळायलाच लागलो नव्हतो. पण तो भोंगा बिघडलेला असता, किंवा आम्ही तो खोटाच धरून चाललो असतो, तर? मागं चाळीसेक माणसं होती. उजव्या खिडकीशी तू होतीस.

 कॅप्टन शांतपणे म्हणाले, "दोघांचं चुकलं. आता परत जाऊ, आणि पहिल्या ओळीपासून वाचू. मधे कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्या ओळीपासून." मनोऱ्याला त्यांनी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. प्रवाशांना सांगितलं, तयारीत एक गोष्ट राहिली होती, ती करून निघतो. दार लावून घेतलं. या वेळी मी तो दांडा खाली केला, डोळ्यांनी पाहिला, मगच तोंडानं म्हटलं, लावलेत. मग आम्ही सुटलो, आणि विमान जमिनीवरून असं अलगद उचललं गेलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

वर गेल्यावर, सगळं स्थिरस्थावर झाल्यावर कॅप्टननी तुझ्या देवळाची आठवण ठेवली. "उजवीकडच्या प्रवाशांनी खाली बघावं, उजनीचं पाणी दिसतंय." मी माझ्या खिडकीतून पाहिलं. पाणी आटून मधे मोठाले तपकिरी पट्टे उघडे पडले होते, आणि एका पट्ट्यावर तिळाएवढा काळा ठिपका होता. दार बंद असूनही तुझा आवाज आला. "त्ये बघा! त्ये बघा देऊळ! त्याच्या मागं आमचं घर हुतं!" पोरगी नंतर सांगत होती, डावीकडची माणसंही उठून तुझ्या खिडकीशी आली, आणि तू प्रत्येकाला बोटानं घर दाखवत होतीस, अंगण दाखवत होतीस, विहीर दाखवत होतीस. कुणालाच काही दिसत नव्हतं आणि सगळे हो हो म्हणत होते.

दुपारी परत पुण्याला आलो आणि जीपनं गावाकडं निघालो. भिगवणला थांबलो. तू तव्यावरच्या चिलापी माशाचं ताट पुढ्यात घेऊन हॉटेलवाल्याला सगळी कहाणी सांगितलीस, घर, विहीर, सगळं. तो गेला तशी माझ्याकडं वळलीस. "आता तू सांग. पयल्यांदा थांबलं ते कशापायी?" मी म्हणू शकले असते, यंत्रात काहीतरी होतं. पण तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस. मी सगळं सांगितलं. लाडू, देऊळ, दार, दांडा. तू घास खाली ठेवलास. मला वाटलं आता रडशील. तू कडाडलीस.

"मला गप बस म्हनली का न्हाईस?"

"कसं म्हणणार, आई? कॅप्टनांनीच बोलावलं होतं तुला."

"म्हनून काय झालं? आईला गप बस म्हनायची लाज वाटली व्हय तुला? घरात तर दिवसातनं दहांदा म्हनतीस!" शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली. "तितं तू माझी लेक न्हवंस. तितं तू त्या मागं बसलेल्यांची. त्यो उजव्या खिडकीचा मानूस, त्याला मी उठीवला, त्याची बायकापोरं कुठं असत्याल..." आणि तिथं तुझा आवाज फुटला. थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणालीस, "आन् कॅप्टनराव बी तसलंच. मोठं मानूस, त्याला तरी कळाय नगं?" मग आणखी थोड्या वेळानं, "पर गुणाचं हाय. लगीच थांबीवलं." आणि मासा निवतोय म्हणून जेवायला लागलीस. घरी पोचलो तर आबा बांधावरून नुकतेच आलेले, मान धरून बसलेले. म्हणाले, "लई उशिरा आलं तुमचं इमान. मला वाटलं, रस्ता चुकलं." तू त्यांना काही सांगितलं नाहीस. फक्त म्हणालीस, "आलं न्हवं? मग झालं."

कॅप्टननी हैदराबादहूनच कंपनीला कळवलं होतं. आम्हा दोघांचं उडणं थांबवलं आणि चौकशीला बोलावलं. त्या काळजीचे दिवस मी तुझ्या स्वयंपाकघरात काढले. परत उडू देतील की नाही, काही कळत नव्हतं. नोकरी नवी, बाई म्हणून आधीच सगळ्यांचे डोळे माझ्यावर. आणि तू? तू ठरवूनच टाकलं होतंस. "मी बी येनार." मी सांगितलं, तिथं नातेवाईक नेत नाहीत. तू म्हणालीस, "मी नातेवाईक न्हाय. मी झाल्या गोष्टीतली हाय." आणि आलीस. बाहेरच्या बाकावर बसवलं तर बसली नाहीस. मी आत उत्तरं देत असताना दार उघडलं, आणि मी मान वळवली तर तू. मला वाटलं, संपलं सगळं.

"सायेब," तू म्हणालीस, "माझंच तोंड चालू हुतं. शिक्षा द्याची तर मला द्या."

चौकशीचे अधिकारी चेहऱ्यानं कडक होते. त्यांनी तुला बाहेर काढलं नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "मावशी, तुम्ही बोलत होता तेव्हा तुम्हाला कुणी थांबवलं का? कॅप्टननी? मुलीनं? विमानातल्या मुलीनं?"

"न्हाय हो," तू त्यांची समजूत घालत असल्यासारखी म्हणालीस. "कुनीच काय म्हनलं न्हाय. लई चांगली मान्सं हायत."

अधिकाऱ्यांनी पेन उचललं आणि तेच शब्द लिहून घेतले. कॅप्टन माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी मान खाली घातली.  तू घाबरून माझ्याकडं पाहिलंस, की आपण काही वाकडं बोललो का. नाही गं. तोपर्यंत आम्ही दोघं भोंगा, दांडा, रेडिओ, लढाऊ विमान असं सगळं सांगून बसलो होतो. आम्ही एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून गप्प राहिलो, हे आमच्यापैकी कुणी बोललंच नव्हतं.

आम्हाला काही आठवडे जमिनीवर ठेवलं, पुन्हा शिकवलं, पुन्हा तपासलं, आणि मग उडायला दिलं. कंपनीनं नियम केला: इंजिन सुरू झाल्यापासून वर चढून स्थिर होईपर्यंत दार बंद, आणि आत कामाशिवाय एक शब्द नाही. पहिल्या दिवशी कॅप्टन आणि मी पुन्हा एकत्र होतो. यादीच्या मधे कुणीतरी दार वाजवलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. माझ्याकडं पाहून म्हणाले, "पहिल्या ओळीपासून." किती हलकं वाटलं मला, काय सांगू! आणि काम झाल्यावर, वर निवांत झाल्यावर म्हणाले, "मावशींना सांग, लाडू पाठवा. पण दाराबाहेर ठेवा."

पुढच्या वर्षी तू पुन्हा आलीस. मला वाटलं होतं येणार नाहीस. आलीस, जागेवर बसलीस, पट्टा बांधलास आणि ओठ मिटलेस ते मिटलेस. हवाई सुंदरीनं विचारलं, पाणी हवंय का? तू आधी स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलंस, मग तिच्याही. शेजारच्या बाईंनी विचारलं, पहिल्यांदाच का? तू त्यांच्याही तोंडावर बोट ठेवायला गेलीस. पोरगी मला येऊन सांगत होती आणि हसून तिला बोलता येत नव्हतं. आणि विमान वर स्थिर झालं, पट्ट्यांचा दिवा विझला, तशी तू जी सुरू झालीस ती थेट हैदराबादपर्यंत. अख्ख्या विमानाला तेव्हा कळलं, की मी कोण, आबा कोण, डाळिंबं कशी येतात, आणि सुटायच्या आधी वैमानिकाशी का बोलायचं नसतं.

मी हे इतक्या पोरांना शिकवलं आहे आता. काही जण मोठे कॅप्टन झालेत. त्यांना सांगते, आवाज करणारा त्रास लगेच कळतो, त्याला आपण गप्प करतो. आपल्या माणसाचं प्रेमानं बोलणं गप्प करता येत नाही. हात दांड्यावर असेल तर आधी दांडा खाली करा, डोळ्यांनी बघा, मग वळा. आणि वळलातच, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. ते लिहून घेतात. एकदा एकीनं विचारलं, मॅडम, आईला कसं गप्प करायचं? मी म्हणाले, ते मलाही जमलं नव्हतं.

आता हे पत्र कुठं पाठवू? टेबलाच्या खणात ठेवीन. संध्याकाळ व्हायला आलीय, खाली मुलं क्रिकेट खेळतायत, चहा गार झालाय. तुला एक सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यात मी शेवटचं उडणार. कुणी थांबवलं नाही, मीच ठरवलंय. त्यानंतर फक्त शिकवणार. घरातल्यांना, ऑफिसात, सगळ्यांना बजावून ठेवलंय की गाजावाजा नको, हार नकोत, कुणी विमानतळावर यायचं नाही, मला कामात लक्ष ठेवू द्या. सगळ्यांनी ऐकलं. सगळे म्हणाले, बरं, तुमची इच्छा. आणि आई, त्यांनी इतकं चटकन ऐकावं असं मला मुळीच वाटत नव्हतं.